दफादार वाकचौरे यांची सतरा अक्षरं

१९७२ च्या फेब्रुवारीत माझी बदली नगरला झाली. स्टेशनवरून टांग्याने भिंगारला आलो आणि दुपारी तीन वाजता रिपोर्ट केला. नाव निवृत्ती, हुद्दा लान्स दफादार, काम वायरलेस ऑपरेटरचं. माझं गाव सुप्याजवळ, त्यामुळे घर एस.टी.ने जेमतेम दीड तासावर आलं. बराकीत सगळे म्हणाले, नशीब काढलंस, निवृत्ती.

लढाई संपून दोन महिने झाले होते. आमच्या ट्रूपमधले तीन रणगाडे गेले होते, दोन परत आले. तिसऱ्यातला ऑपरेटर माझ्याच बॅचचा. रणगाडा पेटल्यावर त्याने माइकचं बटण दाबून धरलं, पण बोलला काहीच नाही. चार-पाच मिनिटं माझ्या हेडफोनमध्ये नुसती खरखर येत राहिली. मग तीही थांबली. याहून जास्त मी कोणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

नगरला आल्यावर हेडफोन कानाला लावला की माझे तळवे भिजायचे. स्वतःचा कॉल साइन, म्हणजे वायरलेसवरचं आपलं नाव, आठवायचा नाही. डॉक्टरसाहेबांनी तपासलं, थकवा आहे म्हणाले, ताकदीच्या गोळ्या दिल्या. मी त्या नेमाने घेतल्या. फरक पडला नाही.

मला फायरिंग रेंजच्या कंट्रोल पोस्टवर काम मिळालं. माळावरच्या एका टेकाडावर पत्र्याची खोली, एक वायरलेस सेट, एक दुर्बीण. तिथले प्रमुख दफादार रंगनाथ वाकचौरे, राहात्याकडच्या शेतकरी घरातले. उंच, सावळे, वय चौतीस. तोफांच्या आवाजाने डावा कान अर्धा गेलेला, म्हणून बोलताना मान थोडी तिरकी करायचे. सकाळी साडेसहाला लाल झेंडा चढवायचा, बैलगाडीच्या वाटांवर संत्री उभे करायचे, माळ दुर्बिणीने पाहून घ्यायचा, मग खाली उभ्या रणगाड्यांना 'रेंज क्लिअर' द्यायचं. हे रोजचं काम. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात पाहिला. पेन्सिल धरलेली होती आणि ती पॅडवर टकटक वाजत होती. फायरिंग थांबून रणगाडे दारूगोळा भरत होते, तेव्हा मेसेज पॅडचा एक कागद फाडून माझ्यासमोर ठेवला.

"निवृत्ती, कविता करतो का?"

"नाही, उस्ताद."

"मीबी न्हाई करत. मी अक्षरं मोजतो."

लष्कराच्या शिक्षण खात्यातल्या एका हवालदाराने त्यांना कधी तरी सांगितलं होतं की जपानी माणूस सतरा अक्षरांत कविता संपवतो. पहिल्या ओळीत पाच, दुसरीत सात, तिसरीत परत पाच. एवढ्यावर दफादारांनी आपले नियम बसवले होते. जोडाक्षर एकच धरायचं. क्लच दोन, स्क्वाड्रन तीन. यमक नको.

"आन् एक," ते म्हणाले. "जे दिसतं ते लिवायचं. जे वाटतं ते न्हाई."

"त्याने काय होतं?"

"डोकं मोजायला लागलं की त्याला दुसरं काम जमत न्हाई. करून बघ."

मी बोटांवर मोजू लागलो. सहा होत, आठ होत. शब्द काढायचा, दुसरा घालायचा. अर्ध्या तासाने कागदावर हे उरलं:

हेडफोनात
वारा बोलतो फक्त
मी ऐकतोय

दफादारांनी कागद हातात घेतला, बोटं मिटत मोजलं आणि म्हणाले, "झालं की." मग माझ्या लक्षात आलं की तेवढा वेळ हेडफोन माझ्या कानावरच होता आणि तळवे कोरडे होते.

त्या दिवसापासून आम्हाला नादच लागला. त्याला आम्ही नुसतं 'सतरा' म्हणायचो. "आज सतरा झालं का?" असं दफादार चहाच्या रांगेत विचारायचे आणि बाकीच्यांना वाटायचं काही कोडवर्ड आहे. मोजणी बसली की जो आनंद व्हायचा तो कसा सांगू? रायफलचा बोल्ट साफ करून परत बसवताना एक 'टक्' आवाज येतो, तसं आत काही तरी बसायचं. दफादार तर हसत सुटायचे. एकदा लंगरमधल्या पातळ डाळीवर त्यांनी लिहिलं:

पाण्यात डाळ
शोधायला निघाली
एक तुकडी

हा कागद हातोहात फिरला आणि लंगर कमांडरपर्यंत गेला. दफादारांना दोन दिवस भाजी कमी मिळाली. त्यांनी त्यावरही सतरा केलं.

सहा महिन्यांत मी रात्रीचा झोपू लागलो. कॉल साइन आठवू लागले. डॉक्टरसाहेब म्हणाले, गोळ्यांचा गुण आला. मी "जी साहेब" म्हटलं.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. आदल्या वर्षीही नीट नव्हता. रेंजच्या पलीकडच्या वस्त्यांवरची माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती, तेही सगळ्यांना पुरत नव्हतं. दफादार सुट्टीवरून आले ते हा कागद घेऊन:

पोहरा गेला
तळाशी वाजला नि
परत आला

मी मोजलं. बरोबर होतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

उन्हाळा लागला तशा बाया रेंजमध्ये शिरू लागल्या. माळावर फुटलेल्या गोळ्यांचं लोखंड पडलेलं असायचं, ते वेचून भंगारवाल्याला विकायच्या. धोका त्यात नव्हता. धोका न फुटलेल्या गोळ्यांचा. आम्ही त्यांना ब्लाइंड म्हणतो. वरून गंजका तुकडा दिसतो, आतली दारू जिवंत असते. सापडला तर हात लावायचा नाही, लाल फडकं रोवायचं आणि सॅपर्सना, म्हणजे गोळे निकामी करणाऱ्या जवानांना, कळवायचं, असा नियम. माळावर कोणी दिसला तर पकडून पोलिसांकडे द्यायचा, हाही नियम. दफादार बायांना आधी टँकरचं पाणी प्यायला द्यायचे, मग ब्लाइंड कसा दिसतो ते मातीत चित्र काढून दाखवायचे, मग रेंजच्या बाहेर सोडून यायचे. त्यातली एक कोंडाबाई. पन्नाशीची, काटकुळी, बोलायला फटकळ.

"तुमी उडवता ते आमी उचलतो," ती एकदा म्हणाली. "गोळा न्हाई मारनार तर भूक मारंल."

दफादारांनी तिला आणखी पाणी ओतलं. म्हणाले, "तरीबी येऊ नका, मावशी."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एके सकाळी नऊ वाजता फायरिंग सुरू झालं. त्याआधी माळ दोनदा पाहिला होता. संत्री जागेवर होते. नऊ एकेचाळीसला मला दुर्बिणीत टार्गेटच्या डावीकडच्या ओघळीतून हिरवं लुगडं वर येताना दिसलं. डोक्यावर पाटी.

मी बटण दाबलं. "ऑल स्टेशन्स, धिस इज कंट्रोल. स्टॉप. स्टॉप. स्टॉप. गन्स क्लिअर. ओव्हर."

तोफा थांबल्या. दफादारांनी दुर्बीण घेतली.

"कोंडाबाई हाय," ते म्हणाले. "आन् पाटीत काही तरी अख्खं हाय."

जीप नेता येत नव्हती, त्या भागात ब्लाइंड पडलेले असायचे. त्यांनी मॅनपॅक सेट पाठीवर घेतला आणि चालत निघाले. अकरा मिनिटं लागली. बाई त्यांना पाहून जागीच उभी राहिली होती. पकडतील या भीतीने तिने पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, ते दुर्बिणीतही दिसत होतं. तिच्यापाशी पोचल्यावर दफादारांनी बटण दाबूनच ठेवलं, त्यामुळे दोघांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"मावशी, हलू नका. पाटीत गोळा हाय का?"

"हाय. तांब्याची कडी हाय त्येला. धरू नका दादा, जाते मी."

"धरत न्हाई. खाली नका ठेवू. तशाच उभ्या ऱ्हावा."

"मान मोडली माझी."

"पाटी मी घेतो. तुमी सोडा. आन् आल्या वाटंनं जा, आपल्याच पावलांवर पाय देत. पळायचं न्हाई. मागं बघायचं न्हाई."

"आन् तुमी?"

"येतो मी मागनं."

त्यांनी पाटी तिच्या डोक्यावरून उचलून छातीशी धरली; खांद्याला अडकवलेल्या माइकचं बटण आता ते हनुवटीने दाबत-सोडत होते. ती चालू लागली.

वायरलेसवर मराठी बोलायची परवानगी नव्हती. त्या दिवशी मी बोललो. "उस्ताद, सॅपर्सना कळवलंय. पाटी खाली ठेवा आणि मागे या."

"पाटीचा तळ फाटलाय. गोळा आत लोळतोय. ठेवताना सटकला तर ती बाईबी जाईल. आधी ती लांब जाऊ दे. शंभर पावलं झाली की सांग. मोज."

मी दुर्बिणीतून तिची पावलं मोजू लागलो. दहा. वीस. ती सावकाश चालत होती, सांगितलं होतं तशी. चाळीस. पन्नास.

"किती?"

"साठ, उस्ताद."

"हात भरून आलं रं."

"सत्तर." मी दुर्बीण तिच्या पावलांवरच ठेवली. "ऐंशी. नव्वद."

बटण मधूनच दाबलं गेलं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"शंभर. शंभर झाली, उस्ताद. पुढे संत्र्याने तिला घेतलं."

"बरं. ठेवतो आता."

दहा वाजून दोन मिनिटांनी धूर दिसला. आवाज नंतर आला. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं, खरखरसुद्धा नाही.

मी बटण दाबलं. "कंट्रोल टू बेस. एक्स्प्लोजन लेफ्ट ऑफ टार्गेट. वन कॅज्युअल्टी. सेंड अॅम्ब्युलन्स बाय साउथ ट्रॅक ओन्ली. ओव्हर." मग प्रत्येक रणगाड्याकडून तोफ रिकामी असल्याचा रिपोर्ट घेतला. सॅपर्सना वाट सांगितली. साडेअकराला माझ्या जागी दुसरा ऑपरेटर आला, तोवर मी सेट सोडला नाही. आवाज हलला नाही आणि हातही हलला नाही. पुढे साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला ते पचलं नाही. तो हात कोणी स्थिर केला होता हे तिथे फक्त मला माहीत होतं.

खाली संत्र्याच्या चौकीजवळ बाभळीखाली कोंडाबाई बसली होती. दोन्ही हात डोक्याच्या वर तसेच धरलेले, जणू पाटी अजून तिथेच आहे. मी तिचे हात धरून खाली घेतले तेव्हा ती म्हणाली, "मागं न्हाई बघितलं मी. त्यांनी सांगितल्तं." एवढंच ती परत परत म्हणत होती.

चौकशी झाली. मी जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. दोष कोणाचा निघाला नाही. लढाईत पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात. शांततेच्या काळात रेंजवर गेलेल्या माणसाचं नाव रजिस्टरमध्ये राहतं. म्हणून इथे पुन्हा लिहितो: दफादार रंगनाथ वाकचौरे. रणगाड्यांच्या दलात सोळा वर्षं नोकरी. लढाईतून सुखरूप परत आले आणि घरापासून एस.टी.ने तीन तासांवर, नगरच्या माळावर गेले.

महिन्याने त्यांची ट्रंक घेऊन मी राहात्याला गेलो. मळ्यातलं घर, विहीर कोरडी, दारात एक म्हैस. उस्तादांच्या पत्नी सरूवहिनी सातवी शिकलेल्या. त्यांनी ट्रंकेतले कपडे एकेक करून बाहेर काढले, घडी न मोडता. तळाशी वही निघाली. सगळी सतरा.

"वाचता का?" त्या म्हणाल्या. "मला अक्षर लागतं त्यांचं, पन आज डोळ्याला दिसत न्हाई."

मी ओटीवर बसून वाचू लागलो. वहिनी खांबाला टेकून ऐकत होत्या. थोड्या वेळाने माझं लक्ष गेलं, त्यांच्या पदराखाली बोटं हलत होती. एकेक बोट मिटत होतं.

"तुम्हाला मोजता येतं?"

"दर पत्रात एक यायचं," त्या म्हणाल्या. "मी मोजून घ्यायची. चुकलं तर उलट टपालानं कळवायची. लई हसायचे म्हनं."

डाळीचं ऐकून त्या थोडं हसल्या. पोहऱ्याचं ऐकून विहिरीकडे बघत बसल्या. शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं एक होतं, ते त्यांनी अजून पत्रात घातलं नव्हतं:

तुझ्या हातचं
पाणी प्यायला येईन
रजा मिळू दे

वहिनींचं बोट हवेतच थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, ओठ हलवत.

"अठरा भरत्यात," त्या म्हणाल्या.

मीही मोजलं. मधल्या ओळीत आठ होती. 'येईन' च्या जागी 'येतो' केलं की सात बसत होती. मी खिशातली पेन्सिल काढली आणि तसं त्यांना सांगितलं.

त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली.

"नगं, भाऊजी. त्यांनी येईन लिवलंय. येईनच ऱ्हाऊ द्या."