भरलेली गाडी

नवऱ्याचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी घर आवरायला काढलं. पाहुणे पांगले होते, भाऊ पेणला परतला होता, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच घरात कुणी खोकत नव्हतं. त्या शांततेनं मला सुटल्यासारखं झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, वाफ घ्यायचं मशीन, नळ्या, रिपोर्टांची मोठी पाकिटं, सगळं पिशव्यांत कोंबलं. कोंबलं तरी नीटच. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. मी प्राथमिक शाळेतली बाई, मुलांना दर वर्षी हेच शिकवते. रोह्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी रोज सकाळी घंटागाडी येते. गाडीवाला पिशवीत डोकावून म्हणाला, "बाई, तुमच्यासारखा कचरा कुणी देत नाही. धुतलेला, पुसलेला." मी हसले. माणूस जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नव्हते आणि मी कचऱ्याच्या कौतुकानं हसले.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर शाळेत न येणाऱ्या मुलांची नोंद करायचं काम आलं. वरसे गावाच्याही पुढे, रस्ता डोंगराकडे वळतो तिथली आदिवासी वाडी माझ्या वाट्याला आली. वाडीच्या वर थोड्या अंतरावर पत्र्याची शेड आहे. शहरातला सुका कचरा तिथे जातो आणि वाडीतल्या बायका मजुरीवर तो निवडतात.

अगदी कडेच्या कुडाच्या घरात एक आजी एकटी राहायची. घरात मूल नाही म्हटल्यावर मी दारातूनच निघणार होते, पण ती म्हणाली, "उन्हाची आलीस गो बाई. पानी पिऊन जा."

आत गेले. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आधी काहीच दिसेना. मग समोरच्या कुडात एक चौकोनी भोक दिसलं, खिडकीएवढं, आणि त्या चौकोनात एका माणसाची छाती. बरगड्या, मधे काळजाची सावली, खाली दोन्ही बाजूंना धुरकट डाग. एक्स-रे होता. मागून सकाळचं ऊन येत होतं आणि सगळी छाती उजळली होती.

डाव्या खांद्याचं हाड तिरकं जुळलेलं होतं.

वडखळ नाक्यावर मोटरसायकल घसरली तेव्हाचं ते हाड. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी जवळ गेले. कोपऱ्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव होतं, वय होतं, आणि पेणच्या ज्या दवाखान्यात मी त्याला धरून नेलं होतं त्याचं नाव.

"कुठं मिळालं हे?" मी विचारलं.

"शेडवर. ते कोन इकत घेत नव्हतं, म्हटलं मला द्या. पाऊस अडतो, उजेड येतो."

"कोण आहे माहीत आहे?"

"कोन जाणे." आजीनं तांब्या माझ्यापुढे केला. "पन मानूस चांगला असंल. वर्ष झालं हितं हाय. बोलत नाय, खोकत नाय."

मी तांब्या तसाच खाली ठेवला. मी वहीत काहीतरी खरडलं आणि बाहेर पडले.

त्यानंतर माझ्या सकाळी बिघडल्या. ऊन ओट्यावर आलं की वाटायचं, आता तिकडे तो उजळला असेल. चहाचं आधण ठेवताना मी थांबायची. घरात त्याची एकही वस्तू मी ठेवली नव्हती. साधा चष्मासुद्धा नाही. तो जिथे होता तिथे कुडाच्या भिंतीत होता, एका अनोळखी म्हातारीसमोर. शाळेत एखादं मूल खोकलं की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

काही ना काही निमित्त काढून मी वाडीवर जाऊ लागले. कधी वह्या, कधी जुन्या साड्या. आजीला वाटायचं मी तिच्यासाठी येते. हळूहळू ते खरंही होत गेलं.

एकदा शाळा सुटल्यावर गेले तर वाडीच्या मधोमध ढीग पेटवलेला. दुधाच्या पिशव्या, तेलाची पाकिटं, वेफर्सचे कागद. काळा, चिकट धूर घराघरांत शिरत होता. आजी दारात बसून खोकत होती. तो खोकला मी ओळखला. कोरडा, खालून वर येणारा, शेवटी शिट्टीसारखा वाजणारा.

"जाळता कशाला? गाडीत का नाही टाकत?"

"कुठल्या गाडीत?"

"रोज इथूनच जाते ना शेडवर."

आजी म्हणाली, "जाते की. पन भरलेली जाते."

मी एका कचेरीत गेले. वाडी हद्दीबाहेर आहे, म्हणाले. दुसऱ्या कचेरीत गेले. तिथली गाडी रस्त्याकडेच्या घरांनाच पुरत नाही, म्हणाले. दोन्हीकडे मला खुर्ची दिली, चहा दिला. कुणी उद्धट बोललं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मग मीच रस्त्यात उभी राहिले. वाडीतल्या बायकांनी दोन पोती भरून दिली होती, तेवढं मी पटवलं होतं. गाडी आली. तोच गाडीवाला.

"बाई, तुम्ही इथं?"

"ही दोन पोती घ्या. सुकाच आहे. शेडवरच तर चाललात."

तो खाली उतरला. पोत्यांकडे पाहिलं, वाडीकडे पाहिलं. "इथून उचलायची परवानगी नाही हो. कुणी फोटो काढला तर माझं काम जाईल." परत गाडीत चढताना म्हणाला, "तुमच्या दारातून मात्र कितीही घेतो."

तेव्हापासून दर गुरुवारी मी तेच करते. वाडीतून पोती रिक्षात घालते, रोह्यात आणते, जिन्याखाली ठेवते. शुक्रवारी सकाळी तोच गाडीवाला माझ्या फाटकातून ती उचलतो आणि वाडीवरून शेडवर नेतो. पहिल्या शुक्रवारी आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता पोती चढवली.

सोसायटीत कुजबुज सुरू झाली. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एके दिवशी अडवलंच. "एकट्या बाईचा एवढा कचरा होतो कसा हो?" मी म्हटलं, नवऱ्याचं अजून आवरतेय. त्या बाजूला झाल्या. खोटं बोलून गेले, पण जिना चढताना ते मला खोटं वाटेना.

शेडवर कचरा निवडताना आजीला आता मजा वाटायची. "परवा माझीच चप्पल माझ्या हातात आली," ती एकदा घरी बसून सांगत होती. "तुटलेली, आंगठा नसलेली. शहर बघून आली." हसता हसता तिला ढास लागली आणि थांबेना. मी पाठ चोळत राहिले. हाताला तिच्या बरगड्या लागत होत्या. समोर खिडकीत तो होता.

आणि मी बोलून गेले. "आजी, हा माझा नवरा आहे."

तिला आधी समजलं नाही. मी कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवून नाव वाचून दाखवलं. खांद्याचं हाड दाखवलं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, जसा घरात परका पुरुष आल्यावर घेतात. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हरवला व्हता काय?"

"नाही. मी टाकला."

ती उठली आणि कुडात खोचलेल्या काड्या काढायला लागली. "घेऊन जा गो."

"नको. राहू दे. पाऊस येईल आत."

"खोकायचा काय?"

"खूप. शेवटी शेवटी तर मला वाटायचं, आता थांबावं. कसंही थांबावं."

आजीनं काड्या परत खोचल्या. "मंग हितं बरा झाला," एवढंच म्हणाली, आणि चूल फुंकायला बसली. चुलीत तिनं सवयीनं तेलाचं पाकीट सरकवलं. मी हात धरला, तर तिनं ते काढून माझ्याच हातात दिलं.

यंदा थंडीत तिचा खोकला वाढला. मी सरकारी दवाखान्यात चल म्हटलं की ती विषय बदलायची. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, "ते काळे फोटू काढतात ना तिथं? शेडवर येतात ते समदे मेलेल्यांचेच असतात. जित्या मानसाचा एक बी नाय बघितला म्यां."

"जिवंत माणसं घरी ठेवतात, म्हणून येत नाहीत."

"माझा काढला, तर कोन ठेवील?"

"मी ठेवीन."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी काय ठेवते आणि काय टाकते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी सोमवारी ती धुतलेलं लुगडं नेसून रस्त्यावर उभी होती.

एक्स-रेच्या खोलीत तिला एकटीलाच आत घेतलं. मी बाहेर बाकावर. आतून माणसाचा आवाज आला, "श्वास धरा, आजी. हलू नका." मी इकडे श्वास धरला. आत खोकला. "परत. धरा." परत खोकला. तिसऱ्यांदा मात्र आत काहीच आवाज झाला नाही. खोकला नाही, पावलं नाहीत, त्या माणसाचंही बोलणं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी उठून दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागले. लोक बघत होते.

दार उघडून तो माणूस वैतागला, "अहो बाई, झालंय. येतायत त्या."

त्याच्या मागून आजी ब्लाउजची बटणं लावत येत होती. "केवढ्यानं वाजवतेस गो," ती म्हणाली, आणि माझा हात धरून पायरी उतरली.