भिंतीमागची खुर्ची

ती हकीकत काही डोक्यातून जात नाही. निवृत्त होऊन आता बरे दिवस झाले. गुडघे बोलू लागलेत, जुन्या सहकाऱ्यांची नावं पटकन आठवत नाहीत. पण हे प्रकरण आठवलं की आधी स्वतःचाच राग येतो. त्यात ना खून होता ना दरोडा. कागदावर ती एक साधी चोरी होती.

मी तेव्हा लखनौमध्ये सहायक पोलीस आयुक्त होतो, हाताखाली तीन ठाणी. वडील रेल्वेच्या नोकरीत सोलापूरहून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे माझं मराठी घरात सोलापूरचं, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. जानेवारी संपत आला होता. एका ठाण्याच्या निरीक्षकाला खबर लागली की एका भंगारवाल्याकडे शिशाच्या विटा येतायत. खबरी जुना, भरवशाचा. म्हणाला, "साहब, ईंट ऐसी है कि एक तरफ चोंच निकली है, दूसरी तरफ खाँचा." सकाळीच छापा घातला. चौदा विटा मिळाल्या. भंगारवाल्याने तासाभरात नाव सांगितलं. एका संशोधन संस्थेतला कंत्राटी सेवक, प्रयोगशाळेची झाडलोट करणारा. त्याला उचलला. दुपारपर्यंत त्याचा जबाबही लिहून झाला. विटा एकाच दिवशी, गेल्या आठवड्यात नेल्या. माल हाती, आरोपी हाती, निरीक्षकाची स्वारी एकदम खूश.

गंमत म्हणजे संस्थेची तक्रारच नव्हती. फोन केला तर उत्तर आलं, आमचं काहीही हरवलेलं नाही, सगळे किरणोत्सारी स्रोत जागेवर आहेत. तरी विटांची ओळख पटवायला त्यांनी एका शास्त्रज्ञ बाईंना पाठवलं. बाई अमरावतीच्या, वीस वर्षं लखनौत, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर. माझ्या नावाची पाटी वाचून सरळ मराठीतच बोलू लागल्या. मी टेबलावरची वीट पुढे सरकवली. त्यांनी तिच्या चोचीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, ही आमची आहे. हे डिझाइन माझंच आहे."

"एवढं काय आहे हो या विटेत?"

"आमच्याकडे किरणोत्सारी स्रोत असतो. नखाएवढी डबी, पण तिच्यातून सतत किरण निघतात. दिसत नाहीत, वास नाही, लागले तरी कळत नाही. म्हणून भोवती शिशाच्या विटांची कोठी बांधतात. चोच खाचेत बसली की दोन विटांमध्ये सरळ फट राहत नाही. फट राहिली की किरण तिथून बाहेर पडणारच ना! अच्छा, या विटा त्याने कुठून काढल्या, काही बोलला?"

"कोठीच्या मागच्या बाजूने, म्हणतो. मागे हातभर जागा आहे, तिथे शिरून."

बाई उठूनच उभ्या राहिल्या. "मागे नुसती साधी भिंत आहे. आणि त्या भिंतीपलीकडे ऊन येतं."

ऊन येतं म्हणजे काय ते मला गाडीत कळलं. लखनौचा हिवाळा ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. आठ-आठ दिवस धुकं असतं, हाडं गोठतात, आणि जरा ऊन पडलं की अख्खं ऑफिस खुर्च्या उचलून बाहेर. पेरू, काळं मीठ, शेंगदाणे, आणि तोंडाची टकळी. संस्थेत ही बैठक त्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून भरायची. त्यातली ऐन उन्हातली खुर्ची ग्रंथालयात काम करणाऱ्या एका मुलीची. तिला दिवस गेले होते. बातमी कळली तशी सगळ्यांनी मिळून ती उबदार जागा कायमची तिला देऊन टाकली होती. जेवणाची सुट्टी आणि वर अर्धा तास, रोज.

बाई किरण मोजायचा मापक घेऊन आत गेल्या. मी बाहेर त्या खुर्चीपाशी उभा. मग बाहेर येऊन त्यांनी मला तिथूनही लांब जायला सांगितलं आणि मापक खुर्चीवर धरला. काटा हलला तो मला दहा पावलांवरूनही दिसला. कोठीच्या पुढच्या बाजूला पिवळा धोक्याचा फलक, पुढेच दार, पुढेच दर तीन महिन्यांनी मोजणी. मागे ना फलक ना मोजणी. खुर्च्या हटवल्या, दोरी बांधली, दुसऱ्या विभागातून विटा मागवून ते भोक बुजवलं.

त्या मुलीला तपासणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न एकच होता. कधीपासून? त्यावर सगळं अवलंबून. आठवडाभर असेल तर फार काही नाही. महिने असतील, तर पोटातल्या जिवाचे पहिलेवहिले नाजूक आठवडेच त्यात येतात. त्यांना लेखी हवं होतं. ठाण्यातून पत्र तयार होऊन आलं. तपासात निष्पन्न झाल्यानुसार चोरी गेल्या आठवड्यात, एकाच दिवशी झाली. मी सही केली. संध्याकाळी डॉक्टरांनी त्या मुलीला सांगितलं, घाबरू नका, निश्चिंत घरी जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोपीला न्यायालयात न्यायचं होतं. मुद्देमालाची खोली बघायला मी ठाण्यात गेलो आणि सहज एक वीट उचलायला वाकलो. कपाळ माझं! पाठीत कळ आली. आकार दोन जाडजूड पुस्तकांएवढा, आणि वजन दहा-अकरा किलो. आरोपीकडे होती सायकल. चौदा विटा, एका दिवसात, सायकलवर, फाटकावरच्या पहारेकऱ्यासमोरून?

निरीक्षकाला बोलावलं. "एकाच दिवसात कशा नेल्या याने?"

तो हसला. वाईट माणूस नव्हता, तेही सांगतो. "साहब, एक ही दिन का लिखवा दिया है. केस साफ रहेगा. दिसंबर में इनकी जाँच हुई थी, सब ठीक लिखा है. उससे पहले की तारीख डालते तो संस्था ही झूठी पड़ती."

आमच्या खात्यातली ही जुनी सवय. वेगवेगळ्या दिवसांच्या चोऱ्या एका दिवशी बसवायच्या, दुसऱ्या कागदाला धक्का लागणार नाही अशी तारीख शोधायची. आरोपीही खूश असतो, कारण एक चोरी म्हणजे एकच गुन्हा. सगळ्यांची सोय होते. मीही हे उभ्या नोकरीत पाहिलं होतं आणि डोळ्यांवर कातडं ओढून बसलो होतो. पण त्या मुलीला डॉक्टरांनी निश्चिंत केलं होतं ते असल्याच बसवलेल्या तारखेवर, माझ्या सहीने.

आरोपी भिंतीशी उकिडवा बसला होता. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. तो आणखीच घाबरला. पोलिसाने चहा दिला की माणसाची पाचावर धारण बसते, हा माझा अनुभव आहे. तासभर तो ताकास तूर लागू देईना. "साहब, जो लिखा है वही सच है," एवढंच. मी आवाज चढवला, उतरवला, काही उपयोग नाही. त्याला वाटत होतं, मी जुन्या चोऱ्या त्याच्या गळ्यात मारायला आलोय.

शेवटी मी सरळ सांगितलं. "हे बघ, खरं बोललास तर तुझी कलमं वाढतील. खोटं आश्वासन देत नाही. मला तारीख खटल्यासाठी नको आहे, डॉक्टरला हवी आहे." आणि त्या भिंतीमागे कोण बसतं, तिला कितवा महिना आहे, ते नीट समजावून सांगितलं.

त्याने मान वर केली. "पुस्तकालय वाली दीदी?"

"हां, वही."

"साहब, वो तो..." त्याच्या पोरीचा शाळेचा अर्ज त्या मुलीनेच भरून दिला होता. डोकं दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "सामने लिखा है खतरा. पीछे तो कुछ लिखा ही नहीं था. हम समझे, पीछे तो बस वजन के लिए ईंटें हैं."

मग त्याने कागद मागितला. चौकोन काढले, प्रत्येकात क्रमांक घातला, कुठली वीट कधी. पहिल्या दोन दिवाळीच्या साफसफाईत. पुढे एकेक, डब्याच्या पिशवीत, वर जेवणाचा डबा. शेवटची खिचडीच्या सणाआधी; संक्रांतीला इकडे खिचडीच म्हणतात. बाईंनी तो कागद पाहिला आणि पाचव्या चौकोनावर बोट ठेवलं. "इथे भोक आरपार झालं. डिसेंबरचा पहिला आठवडा." म्हणजे डिसेंबरची ती मोजणी भोक असतानाच झाली होती. पुढून मोजलं, पुढून सगळं ठीक होतं.

संस्थेच्या एका वरिष्ठांचा फोन आला. अत्यंत गोड आवाज. तारीख बदलून काय साधणार, उगाच त्या मुलीला ताण, संस्थेची बदनामी. मी म्हटलं, "साहेब, ताण तिला द्यायचा की नाही हे तुम्ही-मी ठरवायचं नाही," आणि फोन ठेवला. तो मोठेपणा नव्हता. मला माझ्याच सहीची लाज वाटत होती.

विकास नगरला तिच्या घरी मी आणि बाई दोघं गेलो. काल निश्चिंत राहा म्हणून सांगितलेल्या माणसाला आज ते खोटं होतं म्हणून सांगणं, यापेक्षा मृत्यूची बातमी देणं मला सोपं गेलं असतं. तिचा नवरा माझ्यावर ओरडला, आणि बरोबरच ओरडला. ती बोटांवर आठवडे मोजत राहिली, दोनदा मोजले. मग बाईंना विचारलं, "मैडम, अब क्या करना है?"

बाईंनी जे केलं ते मी शब्दांत नीट मांडू शकणार नाही. भोक जसंच्या तसं पुन्हा उघडून, आवार रिकामं करून, त्यांनी त्या खुर्चीवर पाण्याने भरलेला कॅन ठेवला, माणसाच्या पोटाच्या जागी; शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, म्हणून. त्याच्या आत-बाहेर मोजमापं घेतली, मग तिच्या हजेरीवरून आणि ऊन पडलेल्या दिवसांवरून तासांचा हिशेब मांडला. तिच्या रक्ताचीही तपासणी झाली. तिला तीन आठवडे वाट पाहावी लागली. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की बाळाला इजा व्हावी इतकं ते नाही, पण जन्मापर्यंत आणि नंतरही लक्ष ठेवू. त्या विटा आणखी दोन महिने जात राहिल्या असत्या तर त्यांनी काय सांगितलं असतं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

बाईंनी नवी कोठी तळघरात बांधली. सहाही बाजूंनी शिसं, बाहेरून पोलादी वेष्टन, दोन माणसांच्या दोन किल्ल्या, आणि मोजणी चारही भिंतींच्या पलीकडून. मला दाखवायला नेलं तेव्हा म्हणाल्या, "साहेब, आधीची बांधताना मी कोठीसमोर काम करणाऱ्यांचा विचार केला. मागे कुणी बसेल हे डोक्यातच आलं नाही. यार, मी स्वतः तिथे बसून पेरू खाल्लेत!" आणि त्या रडल्या. मी त्यांना रडू दिलं.

आरोपपत्रात चोऱ्या निरनिराळ्या लागल्या, कलमं वाढली. निरीक्षकावर आणि माझ्यावर चौकशी बसली, मला ताकीद मिळाली. ती मला कमीच वाटली.

पावसाळा संपता संपता ती मुलगी साक्षीचा जबाब द्यायला आली. मांडीवर तीन महिन्यांची पोर, ठणठणीत, माझ्या टेबलावरची घंटी ओढू पाहणारी. जबाब संपला. ती म्हणाली, "सर, वो पहली वाली तारीख किसने लिखी थी?"

मी म्हटलं, "लिखी थाने ने. दस्तखत मेरे हैं."

मला वाटलं, आता ती मला सुनावेल, आणि सुनवायलाच हवं होतं. पण ती जबाब लिहून घेणाऱ्या मुन्शीकडे वळली. "एक बात और लिखिए. सही तारीख उसने खुद बताई, सज़ा बढ़ेगी जानकर भी. ये मेरे बयान में रहना चाहिए."

मुन्शीने माझ्याकडे पाहिलं. असलं वाक्य फिर्यादी पक्षाच्या जबाबात कुणी लिहून घेत नाही. मी म्हटलं, लिहा. मग तो सगळा जबाब मी स्वतः तिला वाचून दाखवला, प्रत्येक तारीख थांबून विचारली, हीच ना, हीच ना. तिने हो म्हटल्याशिवाय पुढे गेलो नाही. उरलेल्या नोकरीत माझ्यासमोर आलेल्या एकाही जबाबावर मी तसं वाचून दाखवल्याशिवाय सही केली नाही. हे मी आधीच शिकायला हवं होतं. मला ते एका चोराने आणि त्या मुलीने शिकवलं, आणि त्याची किंमत मी सोडून बाकी सगळ्यांनी मोजली.