दहाचे पाचशे

मुलीला मी उगाच झापलं. संगणकशास्त्राच्या परीक्षेला चार दिवस उरले होते आणि सरावाच्या एका प्रश्नापाशी ती अडली होती. हजार नावांच्या क्रमवार यादीत दर वेळी निम्मी यादी बाद करत एक नाव शोधायचं, तर जास्तीत जास्त किती वेळा बघावं लागेल? तिचं उत्तर दहा, क्लासच्या पुस्तिकेत पाचशे. "हजाराचे निम्मे पाचशेच!" मी ठणकावलं. दुपारभर दहाचे पाचशे करून करून ती शेवटी रडली, "मला हा विषयच जमत नाही."

पुस्तिका काढणारे सर धुळ्यात आमच्याच गल्लीत राहतात. कुणी शंका विचारली की ते आधी चष्मा पुसतात. तेवढ्यात पोरं आपोआप गप्प होतात. नाहीच झाली, तर सर प्रमाण मराठी सोडून अहिराणीत उतरतात, "बठ्ठं बरोबर शे, पुढे चाला!" मुलीलाही त्यांनी हेच, सगळं बरोबर आहे म्हणून, ऐकवलं होतं.

संध्याकाळी तेच सर आमच्या दारात. "भाऊ, ताईला जरा बोलावता? तिचे दहा कसे आले?" ओट्यावर बसून, चष्मा न पुसता, त्यांनी सगळं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "चूक मुद्दाम ठेवली होती. बघत होतो, कोण पकडतं!"

मी घरी त्यांची यथेच्छ टिंगल केली. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांनी निदान येऊन विचारलं तरी, दहा कसे आले म्हणून. तुम्ही तर घरातच होतात."