तुझेच पैसे कसे निघाले?

दादाला क्रिप्टोचं पहिल्यांदा सांगितलं ते त्याच्या गाडीतल्या एका पॅसेंजरने. दादा मळवली स्टेशनवरून लोहगडवाडीपर्यंत ट्रेकर लोकांना गाडीने सोडतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्याला जेवायला फुरसत नसते आणि उन्हाळ्यात तो गाडी पुसत बसतो. अशाच एका उन्हाळ्यात पुढच्या सीटवरच्या माणसाने त्याला मोबाइल दाखवला. त्यावर एक आकडा होता, आणि गाडी चढ चढून वाडीत पोचेपर्यंत तो वाढला होता. घरी आल्यावर दादा तेच तेच सांगत राहिला. "मी गाडी मारतोय आन् तो नुस्ता बसलाय. तरी त्याचं वाढलं!"

एक्स्चेंज म्हणजे काय, हे त्याने आम्हाला त्याच्या पद्धतीने समजावलं. मार्केट यार्डात भाजीचा सौदा होतो तसा हा कॉइनचा बाजार, फक्त मोबाइलमधला. आपण पैसे भरायचे, कॉइन घ्यायचे, भाव चढला की विकायचे. तोवर कॉइन त्यांच्याकडेच राहतात.

"त्यांच्याकडंच ऱ्हात्यात, मग आपल्याकडं काय ऱ्हातं?" आईने विचारलं.

"आकडा ऱ्हातो," दादा म्हणाला आणि हसला. आम्हीही हसलो.

त्याने थोडे भरले, दोन-तीन महिन्यांनी काही काढलेही. ते खरोखर बँकेत आले आणि गाडीला नवे टायर लागले. टायर आमच्या सगळ्या भाजे गावाने पाहिले. मग वहिनीच्या माहेरचे आले, स्टँडवरचे इतर ड्रायव्हर आले. लोहगडवाडीला पिठलं-भाकरीचा आणि भज्यांचा स्टॉल चालवणारी आमची आत्या आली. दादाने प्रत्येकाच्या मोबाइलवर स्वतःच्या हाताने अ‍ॅप टाकून दिलं. माझ्याही, आणि मीही थोडे पैसे भरले.

मी लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर काम करते. त्या एक्स्चेंजने ग्राहकांचा मेळावा ठरवला तो आमच्याच हॉलमध्ये. ज्यांनी जास्त माणसं जोडली त्यांना निमंत्रण होतं, म्हणून दादाही येणार होता. त्याने त्यासाठी नवा शर्ट घेतला.

एक्स्चेंजचे मोठे साहेब आदल्या दिवशीच आले. दुबईहून आलेत, असं त्यांच्या माणसांनी सांगितलं. भरघोस दाढी, उंची बूट, सावकाश बोलणं. ते पहिल्यांदाच लोणावळ्याला येत होते, असं स्वतःच म्हणाले. मी त्यांना मागच्या इमारतीतली खोली दिली.

त्या इमारतीत गिझरचं बटण बाथरूमजवळ नाही, कपाटाच्या आत आहे. असं कुणी आणि का केलं ते मालकांनाही सांगता येत नाही. नवा माणूस उतरला की सकाळी रिसेप्शनला फोन येतोच, गरम पाणी नाही म्हणून. साहेबांचा फोन आला नाही. त्यांच्याबरोबरच्या सगळ्यांचे आले. मी हाउसकीपिंगच्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "गिझर चालू हुता की. अंघोळ करूनच खाली गेल्यात."

इतक्यावरून काही कुणी संशय घेत नाही. पण नंतर त्यांनी फोन करून चहा मागवला. "आल्याचा. पण आलं दिसता कामा नये." हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, याच फोनवर, याच आवाजात. काही वर्षांपूर्वी एक माणूस आमच्याकडे राहून लोकांना नाश्त्याला बोलवायचा आणि जवळच्या तुंगार्लीतल्या बंगल्यांची मेंबरशिप विकायचा. तो गेल्यानंतर कितीतरी महिने लोक पावत्या घेऊन आमच्या काउंटरवर येत होते. तो सडपातळ होता, त्याला दाढी नव्हती. नाव मला आठवेना. साहेबांचं ओळखपत्र मी पुन्हा उघडून पाहिलं. त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं.

पाण्याच्या बाटल्या बघायच्या निमित्ताने मी हॉलमध्ये डोकावले. साहेब बोलत होते, "पैसे तुमचे आहेत. कधीही काढा. फक्त घाई करणारा माणूस गरीब का राहतो, एवढा विचार करा." टाळ्या पडल्या. मग काही जणांना स्टेजवर बोलावून शाल घातली. त्यात दादा होता. तो इतका ताठ उभा राहिलेला मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

संध्याकाळी जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. गिझर, चहा, बंगल्यांची मेंबरशिप. बोलता बोलताच मला कळत होतं की हे ऐकायला किती पोरकट वाटतंय.

"तू त्या मान्साला वळकतीस?" दादाने विचारलं.

"खात्री नाही. पण आवाज तोच."

"खात्री न्हाई! गरम पान्याची अंघोळ केली म्हनून मानूस चोर?" त्याने ताट बाजूला सरकवलं. "चार लोकांत माझा सत्कार झाला, ते तुला बघवंना. सरळ बोल ना."

शाल वहिनीने घडी करून कपाटात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी माझे पैसे काढायला टाकले. अ‍ॅप रोज दाखवायचं, प्रक्रिया सुरू आहे. मग त्यांच्या ऑफिसमधून एका मुलीचा फोन आला, का काढताय, काही अडचण आहे का, दादा तुमचे कोण. आमचं नातं तिला खरंच माहीत नव्हतं की फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, ते मला समजलं नाही. शेवटी पैसे आले. मी आत्याला फोन करून म्हटलं, तूपण काढून घे. आत्या म्हणाली, दादाला विचारते. दादाने तिला सांगितलं, थांब.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी अ‍ॅपवर सूचना आली, तांत्रिक देखभालीसाठी पैसे काढणं तात्पुरतं बंद. ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साहेबांचा आवाज आला, घाबरू नका. मग ग्रुपवर फक्त त्यांनाच लिहिता येऊ लागलं. मग अ‍ॅप उघडेना, आणि एक दिवस ग्रुपही नव्हता. पुण्यातल्या त्यांच्या ऑफिसला स्टँडवरचे दोन ड्रायव्हर जाऊन आले. कुलूप होतं आणि बाहेर त्यांच्यासारखीच माणसं उभी होती.

पहिले काही दिवस लोक दादाच्या गाडीपाशी जमायचे. दादा स्वतःचा मोबाइल दाखवायचा, बघा, माझेबी अडकलेत. आणि त्याचे सगळ्यांत जास्त अडकले होते, हे खरं होतं. पण माझे निघालेत हे कुणीतरी बोललं. वहिनी बोलली असेल, किंवा आईच्या तोंडून गेलं असेल. मी अजून विचारलेलं नाही. तिथून सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

लोक म्हणू लागले, ती तिथंच कामाला आहे. साहेब तिच्याकडेच उतरले होते. तिला आतून कळलं, तिने आपले तेवढे काढले आणि सख्ख्या भावाला बुडू दिलं. मी दादाला आणि आत्याला आधीच सांगितलं होतं, हीच गोष्ट माझ्या विरोधात गेली. माहीत नव्हतं तर सांगितलं कशावरून?

एका दुपारी आत्या रिसॉर्टवर आली. स्टॉल बंद ठेवून आली होती. काउंटरवर पाहुणे असतानाच म्हणाली, "तुझंच पैसं कसं निघालं, ते मला सांग."

मी तिला बाहेर झाडाखाली नेलं आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "एवढ्यावरनं कुनी पैसं काढतं व्हय?"

"माझे आलेत ते तू घे, आत्या."

"मला तुझं नगं. लोक म्हन्तील, हिला दिलं म्हंजे ह्यांच्यात काहीतरी हुतं." ती उठली. "मला त्याचं पायजे. तो कुटं हाय ते सांग."

ती गेल्यावर मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, ती बाई कोण, आणि मीही त्या कंपनीत पैसे भरले होते हे त्यांना का सांगितलं नाही. पुढे तक्रार झाल्यावर पोलीसही आले. त्यांनाही मी सगळं सांगितलं. त्यांनी मोबाइलवर काही फोटो दाखवले आणि हाच का तो मेंबरशिपवाला, असं विचारलं. मी खूप वेळ बघत राहिले. आवाज फोटोत नसतो. मी म्हटलं, सांगता येत नाही. पोलिसांनी माझं जे लिहून घेतलं ते वाचताना मलाच वाटलं, ही बाई काहीतरी लपवते आहे.

घरात माझ्याशी कुणी भांडलं नाही. फक्त मी आले की बोलणं दुसऱ्या विषयावर जायचं. माझा फोन वाजला की वहिनी स्क्रीनकडे बघायची.

दिवाळीनंतर दादा एकदा दुपारी माझ्यापाशी येऊन बसला. हातात फोन होता, समोरचा माणूस बोलतच होता. दादाने स्पीकर लावला आणि मला खुणेने ऐकायला सांगितलं. तो माणूस वकिलाच्या ऑफिसमधून बोलत होता म्हणे. अडकलेली सगळी रक्कम मिळेल, आधी थोडी फी भरावी लागेल. त्याला दादाचं पूर्ण नाव माहीत होतं, किती भरले तेही माहीत होतं.

मी विचारलं, "ऑफिस कुठे आहे? आम्ही प्रत्यक्ष येऊन फी भरतो."

"मॅडम, आजचाच दिवस आहे."

"मग तक्रार नोंदवलेल्या पोलीस ठाण्यात भेटू. तिथे भरतो."

फोन कट झाला. दादाने पुन्हा लावला तर लागला नाही.

"मी भरनार हुतो," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीची बांगडी काढून ठेवलीया." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या साहेबाचा नंबर तुझ्याकडं खरंच न्हाई ना?"

"नाही रे."

"बरं." तो उठला आणि स्टेशनवर गाडी लावायला गेला. बांगडी त्याने वहिनीला परत दिली, ती मी तिच्या हातात पाहिली. माझ्यावर त्याचा विश्वास बसला का, ते मात्र तेव्हाही कळलं नाही.

केस चालू आहे. साहेब सापडलेले नाहीत.

गेल्या महिन्यात मी लोहगडवाडीला गेले. आत्याने स्टॉलवरचा पेमेंटचा क्यूआर कोड काढून टाकला आहे, ट्रेकर कुरकुर करतात तरी ती रोखच घेते. मी भजी खाल्ली, चहा घेतला. आयुष्यात तिने माझ्याकडून कधी पैसे घेतले नव्हते, पण या वेळी ती पैशांसाठी समोर उभी राहिली. माझ्याकडे सुट्टे नव्हते. मी पाचशेची नोट दिली.

आत्याने ती उजेडात धरली, उलटीसुलटी करून पाहिली.

"बगावं लागतंय बाय," ती म्हणाली, "कुनाचीबी असली तरी." आणि उरलेले पैसे तिने माझ्या हातावर ठेवले.