अस्वलिणीचं बाळंतपण

बाळंतीण लेकीच्या खोलीत ओव्याची धुरी दिली, अन् त्या वासासरशी मी मुरुडला, माहेरच्या बाजेवर जाऊन पडले. पौषातली दुपार. बाजेखाली शेगडी, कुशीत हीच लेक, शेजारी आई डिंकाचे लाडू वळत बसलेली. टीव्हीवर बर्फच बर्फ, अन् त्याखालच्या गुहेत अस्वलीण पिल्लांना पाजत होती.

"तिचं बाळंतपण कोण करतं गं?" आईनं विचारलं.

"कुणीच न्हाई. हिवाळाभर खात बी न्हाई. अंगातल्या चरबीवरच पाजती."

आईचे हात थांबले. "माझ्यावाणीच हाय की. तू झालीस तवा माझी माय न्हवती, करणारं कुणीच न्हवतं."

मी हातातला लाडू तिच्या तोंडात घातला. आज लेकीला भरवताना कळतंय, आईच्या बाळंतपणातला तो पहिलाच लाडू होता.