स्टाफरूमच्या टेबलावरचे सहा पाय

शाळेतल्या बायकांना किस्से शोधत फिरावं लागत नाही. खडूच्या भुकटीसारखे ते अंगावर पडतच असतात. घरी येऊन पदर झटकला की चार खाली! आमच्या भाईंदरच्या शाळेची तर खासियतच होती. वर्गात बाईंना खुर्ची नाही! "बाई बसल्या की वर्ग झोपतो," हे हेडसरांचं ठाम मत. त्यामुळे आमचे किस्से कुठूनही निघोत, शेवटी पायांपाशीच येतात.

सुरुवात माझ्या पायांपासून. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. लेकीच्या, मितालीच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून डाव्या पोटरीवर निळ्या नसा उठल्या होत्या. ती चार वर्षांची होईपर्यंत त्या सुतळीएवढ्या जाड झाल्या. शेजारच्या बेन एकदा बघून म्हणाल्या, "नस फट गई तो?" झालं! माझी झोपच उडाली. खरंच फुटली तर? गुठळी होऊन वर गेली तर? ऑपरेशन सांगितलं तर मितालीला कोण बघणार? मुलांना रक्ताभिसरण शिकवणारी बाई मी, आणि स्वतःच्या पायाकडे बघायची हिंमत नव्हती!

*

शेवटी ह्यांना दाखवलं. हे ड्राफ्ट्समन, दिवसभर नकाशे काढणारे. मला ट्यूबलाइटखाली बसवून त्यांनी पोटरी नीट न्याहाळली. मग बोट फिरवत म्हणाले, "ही बघ वसईची खाडी. हा घोडबंदर रोड. आणि इथे गाठ आलीय ना, ते चेणं!"

मी रडायलाच लागले. तसे हे घाबरले.

"अगं, चेणं चांगलं गाव आहे!"

*

मग स्टाफरूममध्ये हळूच विषय काढला. डिमेलोबाई आणि कांबळेबाई दोघीच होत्या. म्हटलं, "तुमच्या पायांना कधी असं..."

माझं वाक्य संपायच्या आत कांबळेबाईंनी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. नांदेडकडच्या त्या, त्यांना कशाची भीती नाही. "हे बघा! मला वाटायचं नोकरीत कायम झालं की येतातच!"

डिमेलोबाई गालात हसल्या. त्या उत्तनच्या चौक गावातून यायच्या. बारा महिने पायात जाडजूड, कातडीच्या रंगाचे लांब मोजे. भर मे महिन्यातसुद्धा! त्यांनी एक मोजा खाली सरकवला. आत तेच, निळं-जांभळं!

"डॉक्टरने दिलेत. सकाळी उठायच्या आधी पलंगावरच चढवायचे."

कांबळेबाई थक्क. "अहो, आणि आम्हाला वाटायचं तुमच्या धर्मात घालतात!"

"बाई, मे महिन्यात असे मोजे घालायला कुठला देव सांगेल हो?"

*

मोजे मिळेपर्यंत मी क्रेप बँडेज आणलं. कुणाला विचारायचं कशाला, शिकलेली बाई मी! गुडघ्यापासून सुरुवात केली, वर चांगलं घट्ट, खाली येता येता सैल. दुपारपर्यंत पाऊल असं सुजलं की चपलेत जाईना. लंगडत वर्गात गेले, तर मुलांना वाटलं बाईंना मोठा अपघात झाला. अख्खी चौथी अ हाताची घडी घालून गप्प!

डिमेलोबाईंनी मधल्या सुट्टीत ते सोडलं. "वरून आवळलं तर रक्त जाणार कुठून? बोटांपासून सुरू करायचं. खाली घट्ट, वर सैल." त्यांनी बांधून दिलं. सूज उतरली, मी सरळ चालायला लागले. लगेच वर्गात नेहमीचा गोंगाट सुरू!

कांबळेबाई दारातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "उद्या मला द्या ते बँडेज. चौथी ब ला जाताना चुकीचं बांधून जाते."

*

डिमेलोबाईंची दुसरी सूचना, एका जागी उभं राहायचं नाही. फिरा, नाहीतर टाचा तरी वर-खाली करा, पोटरीतून रक्त वर चढतं. मी पाढे घेताना टाचा उचलायला लागले. बे एके बे, वर. बे दुणे चार, खाली. बघता बघता सगळा वर्ग माझ्यासारखाच हलायला लागला. मला काय, बरंच वाटलं!

तोंडी परीक्षा घ्यायला आल्या कांबळेबाई. मुलांना एकेक करून समोर बसवलं आणि पाढे विचारले. संध्याकाळी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्या मुलांचे पाढे पाठ आहेत, पण फक्त टाचांना!"

*

मधल्या सुट्टीत पाय वर करायचे हीही डिमेलोबाईंचीच सूचना. आम्ही तिघी खुर्च्यांत मागे रेलून पाय टेबलावर ठेवायचो. सहा पाय, मध्ये डबे! दार लोटलेलं असायचं. एके दिवशी ते उघडलं आणि समोर हेडसर, त्यांच्या मागे शिक्षण खात्याचे साहेब. इन्स्पेक्शन पुढच्या आठवड्यात होतं, पण साहेब आधीच उगवले होते!

हेडसरांचा चेहरा पांढराफटक. "हे... हे काय चाललंय?"

"उपचार," कांबळेबाई म्हणाल्या. पाय खाली घेतलेच नाहीत त्यांनी. मी मात्र नोकरी गेली असं धरून चपला शोधत होते.

साहेब हेडसरांना घेऊन निघून गेले. पाच मिनिटांत एकटेच परत आले. दार लावलं. खुर्ची ओढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हळूच विचारलं, "ते मोजे पुरुषांच्या मापात मिळतात का हो?"

पुढच्या महिन्यात आमच्या वर्गांत खुर्च्या आल्या.

*

तरी माझी रात्रीची भीती गेली नव्हती. शेवटी कांबळेबाईंनीच दम देऊन सर्जनकडे पाठवलं. घरी कुणी नव्हतं, म्हणून मितालीलाही नेलं. डॉक्टरांनी मला झोपवून पाय उंच केला, नसा रिकाम्या होऊ दिल्या, मांडीला रबराची नळी बांधली आणि म्हणाले, "उभ्या राहा." ते नसांकडे बघत होते, मी त्यांच्या तोंडाकडे.

"ऑपरेशन?" मीच विचारलं.

"आत्ता तरी गरज नाही. कातडीखालच्या नसांच्या झडपा थोड्या सैल झाल्यात. मोजे घाला, चालत राहा, रोज पाय वर करून पडा."

"आणि नस फुटली तर?"

"सहसा फुटत नाही. रक्त आलंच तर आडवं व्हायचं, पाय वर, जागेवर कापड दाबून धरायचं आणि आमच्याकडे यायचं. पाय एकदम सुजला, दुखला, तरी यायचं. बाकी झोप काढा हो!"

इतकंच! मला तिथल्या तिथे हसू आणि रडू एकदम आलं. डॉक्टरांना सांगितलं, पाय वर करून पडायला मी महिनाभरापासूनच लागलेय. शाळेतून आल्यावर पूनम सागर कॉलनीतल्या आमच्या खोलीत भिंतीला पाय लावून अर्धा तास. मितालीही शेजारी तिचे इवलेसे पाय भिंतीला लावते आणि माझ्याकडून गोष्टी वसूल करते.

"अरे वा!" डॉक्टर तिच्याकडे वाकले. "मग आता आईचे पाय लवकर बरे करून टाकूया ना?"

मितालीने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"हळूहळू करा," ती म्हणाली. "बरे झाले की ती उठून जाईल."