आखणी होण्याआधी वाचून घ्या

किस्से कॉलेजच्या स्टाफरूममध्ये घडतात असं लोकांना वाटतं. छे! तिथे पोर्शन संपतो आणि चहा थंड होतो, बस्स. माझ्याकडचे सगळे किस्से रविवार दुपारचे आहेत, पेणच्या रामवाडीतल्या एका गणपतीच्या कारखान्यातले. मी रोह्याला फिजिक्स शिकवते. एकदा पेणच्या वाचनालयात क्वांटमवर भाषण दिलं, ते ऐकून तीन माणसं गोष्टी लिहायला लागली, आणि तेव्हापासून दर महिन्याला मला एक तरी धक्का बसतोच. आता एवढे साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्ये घुसतो.

* * *

त्या भाषणात मी म्हणाले, "मोजेपर्यंत इलेक्ट्रॉन एका जागी नसतोच. अनेक शक्यतांमध्ये पसरलेला असतो."

मला वाटलं, गेलं डोक्यावरून. तेवढ्यात मागून एक हात वर आला. हे नाईककाका, तिघा लेखकांतले पहिले, एसटीचे रिटायर्ड कंडक्टर.

"मॅडम, असा पॅसेंजर आमच्या गाडीत रोज असायचा. पुढं पन असायचा, मागं पन असायचा. तिकीट विचारलं की नेमका दारात!"

दुसऱ्या दिवशी मी निर्लज्जपणे हेच उदाहरण वर्गात दिलं. शेवटच्या बाकाला इलेक्ट्रॉन पहिल्यांदा समजला. याचा आनंद मानावा की माझ्या वीस वर्षांच्या नोकरीवर रडावं, ते अजून ठरलेलं नाही.

* * *

ज्या कारखान्यात आम्ही जमतो तो नंदाताईंचा; तिघांतल्या दुसऱ्या त्या. नंदाताई आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि हात स्थिर असलेल्या माणसालाच जमतं. त्यांचा नवरा रोह्याजवळ धाटावला कंपनीत नोकरीला होता. सहा वर्षांपूर्वी ड्युटीवर जाताना पेण-रोहा रस्त्यावर निडीच्या पुढे त्याची बाईक घसरली आणि तो गेला. नंदाताई त्यावर बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

एकदा मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते, "निरीक्षक म्हणजे नक्की कोण, याच्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कुणी म्हणतं यंत्र चालेल, कुणी म्हणतं बघणारं मन पाहिजे."

नंदाताईंनी ब्रश पाण्यात बुडवला. "त्यात काय एवढा? आखणी झाली नाय तवर मूर्ती बघत नाय. तवर आमी तिच्यासमोर भांडतो, शिव्या घालतो, कायपन करतो. डोले काढले का गप!"

मी वहीत लिहून घेतलं! त्या दिवसापासून आमचा नियम ठरला: नवी गोष्ट वाचायची ती आखणी न झालेल्या मूर्तींसमोर. गोष्ट फसलीच तर बाप्पाने बघायला नको, असं नाईककाकांचं म्हणणं.

* * *

मांजराच्या प्रयोगाने तर माझी पार शोभा झाली. बंद खोक्यातलं मांजर, उघडेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही, हे नुसतं सांगून भागेना. नंदाताईंनी डोळे वटारले, "मुक्या जीवाला कोंडून ठेवतात आनि त्याला शिक्षान बोलतात?"

पुढच्या खेपेला मी पुठ्ठ्याचं खोकं आणि भाचीचं कापडी मांजर घेऊन गेले. मांजर आत ठेवलं, झाकण नुसतं टेकवलं आणि चहाला उठले. परत येऊन छान नाट्यमय आवाजात म्हणाले, "आता आपण निरीक्षण करू या!"

झाकण उचललं. आतून कारखान्यातला खरा बोकोबा माझ्या अंगावर उडाला! मी अशी किंचाळले की शेजारच्या कारखान्यातली माणसं धावत आली. आणि नाईककाका शांतपणे सगळ्यांना सांगतायत, "काय नाय, काय नाय. जिवंत हाय!"

मांजर की मी, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

* * *

तिसरे लेखक पाटील. रोह्याचे, धाटावला ऑपरेटर, शब्दाला महाग माणूस. घरी बाईक असून माझ्याबरोबर एसटीने पेणला येतात. निडी आली की डोळे मिटून घेतात. मला वाटायचं, शिफ्टची झोप.

प्रत्येक शक्यता कुठल्या ना कुठल्या जगात खरी होते, हे मी सांगितलं त्या दिवशी ते माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, म्हंजे जे झालं नाय, ते पन कुठंतरी झालेलं हाय?"

"एका मतानुसार, हो."

झालं! त्यानंतर पाटलांनी अकरा गोष्टी लिहिल्या आणि अकराही सारख्याच. एक कामगार मित्राला म्हणतो, माझी शिफ्ट कर. मित्र म्हणतो, नाय जमत. गोष्ट संपली.

आम्ही त्यांना सोडतो होय! नाईककाका विचारायचे, "पाटील, सगल्या दुनियांमध्ये एकच कंपनी हाय काय?" आणि मी, शिकली-सवरलेली बाई, सगळ्यात जास्त हसायचे. "अहो, एकदा तरी शिफ्ट सोडून लिहा ना!" पाटीलही हसायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

* * *

गेल्या गणपतीच्या आधीचा रविवार. मूर्ती दुसऱ्या दिवशी जायच्या होत्या, म्हणून सगळ्यांची आखणी झालेली. पाटील बारावी गोष्ट घेऊन आले आणि दारातच थांबले. चारी बाजूंनी डोळेच डोळे.

"आज नको. सगल्यांचे डोले झालेत."

"वाचा," नंदाताई म्हणाल्या. "बघू दे त्यांना."

पाटील वाचायला लागले. तोच कामगार. पेणला त्याच्या चुलतभावाची हळद असते. नाचायला मिळावं म्हणून तो मित्राला म्हणतो, माझी शिफ्ट कर. मित्र म्हणतो, नाय जमत. पण या वेळी गोष्ट तिथे थांबली नाही. कामगार चडफडत हळदीतून स्वतः ड्युटीवर निघतो, आणि निडीच्या पुढे त्याची बाईक घसरते.

नाईककाकांचा चहाचा ग्लास ओठांपाशीच राहिला. निडी! दोन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून तो रस्ता येत-जात होते.

पाटलांनी कागदावरून नजर उचलली. आजवर ते त्यांना आमच्यासारखंच नंदाताई म्हणायचे. "वहिनी," ते म्हणाले, "ती शिफ्ट माझी होती."

"ठाव हाय."

"काय?"

"शिफ्ट-बदलीच्या चिठ्ठीवर तुमचा नाव व्हता. तुमी पयल्या रविवारी नाव सांगितलात तवाच वलखला मी."

"मग येऊ का दिलात मला? अकरा येला ऐकून का घेतलात?"

नंदाताई उठल्या, पाटलांच्या हातातला कागद घेतला आणि ज्या ओळीत मित्र "नाय जमत" म्हणतो तिथे बोट ठेवलं.

"हा खोटा हाय. माझा मानूस कोनाला नाय बोललाच नाय कदी. एवढा बदला. त्याला व्हय बोलू दे," त्या म्हणाल्या, "आनि मंग घरी येऊ दे."